पडद्यामागील बिनतारी बोलणें

गेल्या स्नेहसंमेलनाच्या सायंकाळीं आमच्या नाटकाच्या वेळीं जो प्रकार घडला, तो सभागृहांत बसलेल्या पालकांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत आला असेल. दुसऱ्या अंकाचें अरण्याचें दृश्य नुकतेंच संपलें होतें. पांचवी-सहावींतल्या आठ मुली नाच आटोपून अजून रंगमंचाच्या मागल्या बाजूस उभ्या होत्या. डाव्या विंगेंत असलेल्या आमच्यापैकीं एकानें हातांतल्या वॉकीटॉकींतून पलीकडे दोरांपाशीं उभ्या असलेल्या मुलास सांगितलें, "पडदा काढ." त्यास ऐकूं आलें तें "पडदा पाड". अरण्याचा पडदा वर ओढून घेण्याऐवजीं त्यानें राजवाड्याच्या पडद्याचा दोर सोडला, आणि तो रंगविलेला पडदा, तळाशीं बांधलेल्या लोखंडी नळीसह, मुलींच्या डोक्यांवर उतरूं लागला. शेजारीं उभ्या असलेल्या शिपाईमामांनीं झडप घालून दोर धरला. नळी मुलींच्या डोक्यांपासून हातभर वर थांबली.

मुलींना कांहींच कळलें नाहीं. प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला व त्यांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हां पडद्यामागील मंडळींचे मात्र हातपाय गार पडले होते. दोर सोडणाऱ्या मुलाचा त्यांत दोष नव्हता. यंत्र आम्हीं उसनें आणलेलें होतें व शब्द तोंडाला येईल तो वापरला होता. या दोहोंपैकीं कशाचाच आम्हीं आधीं विचार केलेला नव्हता. तो विचार यंदा केला. यंदाच्या खरेदींत पालकांचाही पैसा आहे, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

पडद्यामागून इशारा देण्याची अडचण नाटकाइतकीच जुनी असेल असें वाटतें, परंतु आपल्या मराठी रंगभूमीचा आरंभ पाहिला तर तसें दिसत नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' हें नाटक केलें, त्या पद्धतीच्या खेळांत सूत्रधार आपल्या साथीदारांसह प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत उभा राहून पदें म्हणत असे, आणि त्याच्या पदाबरोबर पात्रें येत व जात. हुकूम देणारा आणि तो पाळणारे एकमेकांस दिसत होते. गुप्त इशाऱ्याची गरजच नव्हती. पुढें संगीत नाटकांच्या मंडळ्या निघाल्या, रंगविलेले पडदे, झालरी व विंगा आल्या, तेव्हां सूत्रधार नांदीपुरता उरला आणि खरा सूत्रचालक विंगेच्या आड गेला. हाताची खूण, दबलेली हांक व घंटा हीं त्याचीं साधनें झालीं. त्यांपैकीं घंटा अजून टिकून आहे. तिसऱ्या घंटेखेरीज नाटक सुरू होत नाहीं, हें आपल्याकडील लहान मुलासही ठाऊक असतें.

विजेच्या दिव्यांनीं व ध्वनिक्षेपकांनीं या व्यवस्थेंत नवी अडचण आणली. आपल्या छत्रपती संभाजीनगरांत संत एकनाथ रंगमंदिर, तापडिया नाट्यमंदिर, संत तुकाराम नाट्यगृह यांसारखीं नाट्यगृहें आहेत. कोणत्याही नाट्यगृहांत दिवे व ध्वनि सांभाळणाऱ्यास रंगमंच समोरून दिसावा व प्रेक्षकांस ऐकूं येतें तें त्यासही ऐकूं यावें लागतें. म्हणून त्याची जागा बहुधा प्रेक्षकांच्या पाठीमागें असते. पडदे ओढणारा विंगेंत, वेषभूषा पाहणाऱ्या बाई रंगपटांत, दारावरचे स्वयंसेवक बाहेर व्हरांड्यांत. नाटक चालविणारा माणूस एका जागीं उभा राहून या सर्वांस पाहूं शकत नाहीं, आणि मोठ्यानें ओरडूंही शकत नाहीं. मोबाइल आहे ना, असें कांहीं विद्यार्थ्यांनीं विचारलें. पण क्रमांक लावून पलीकडच्यानें उचलीपर्यंत प्रवेश संपून जातो. शिवाय अंधाऱ्या विंगेंत मोबाइलचा उजेड थेट पहिल्या रांगेपर्यंत पोंचतो. म्हणून बिनतारी यंत्र घ्यावें असें सर्वांच्या मतें ठरलें.

हें यंत्र युद्धानें जगास दिलें असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यानें जीं यंत्रें वापरलीं, त्यांपैकीं 'वॉकीटॉकी' हें नांव पाठीवर वाहून न्यावयाच्या जड यंत्रास मिळालें होतें. हातांत धरण्याच्या यंत्रास 'हँडीटॉकी' म्हणत, आणि तेंही वजनानें दोन किलोच्या वर होतें. आज हातावर मावणाऱ्या यंत्रास आपण पहिलें नांव देतों.

बाजारांत गेल्यावर जो तो दुकानदार एकच गोष्ट सांगूं लागला : हें यंत्र पांच किलोमीटर चालतें, हें दहा किलोमीटर, हें तर पांच वॅटचें आहे. आम्हीही प्रथम त्याला भुललों. घरीं येऊन विचार केला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, आमचा सर्वांत लांबचा पल्ला म्हणजे दोरांपासून फाटकापर्यंत. शेतकऱ्यास किंवा गिर्यारोहकास दहा किलोमीटरचा उपयोग असेल. नाट्यगृहांत अधिक शक्तीच्या यंत्रानें उलट दुखणेंच वाढतें, तें कसें हें पुढें सांगूं. अंतरापेक्षां भिंती कशा आहेत हें पाहणें अधिक महत्त्वाचें. येथें थोडें गणित उपयोगीं पडतें, आणि तें नववीच्या विद्यार्थ्यासही करतां येईल. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झच्या आकड्यानें भागिलें म्हणजे बिनतारी लहरीची लांबी मीटरांत मिळते. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारें ६७ सेंटिमीटर लांब असते. तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे सुमारें १७ सेंटिमीटरांचा आकाशतंतु यंत्रावर सहज मावतो. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब. तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर, म्हणजे रंगमंचावरच्या राजाच्या भाल्याहूनही लांब. तो तंतु गुंडाळून आखूड करावा लागतो व त्यामुळें यंत्र दुबळें होतें. शिवाय आखूड लहर दारांच्या फटींतून व बोळांतून अधिक सुलभतेनें वाट काढते. मात्र सळयांच्या काँक्रीटपुढें व लोखंडी शटरपुढें कोणत्याही लहरीचा जोर कमी पडतो. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वीं तें मागून आणावें, ज्या जागीं वापरावयाचें त्याच जागीं, सर्व दारें लावून, तळघरापासून तिकीटखिडकीपर्यंत बोलून पाहावें. आम्हीं असें केलें तेव्हां रंगपटाच्या मागल्या कोपऱ्यांत स्वस्त यंत्र मुकें झालें, आणि दुकानदारानें सर्वांत महाग म्हणून दाखविलेलेंही तेथें मुकेंच झालें. त्या बाईंनीं एक पाऊल दाराकडे सरकून बोलावें एवढाच उपाय निघाला, आणि तो फुकट होता.

आतां कायद्याविषयीं. हा भाग पुष्कळांना माहीत नसतो, आणि शाळेसारख्या संस्थेनें तरी तो चुकवूं नये. आपल्या देशांत बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागतो, हा नियम १९३३ सालच्या कायद्यापासून चालत आला, आणि २०२३ सालीं संसदेनें नवा दूरसंचार कायदा केला तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें. या नियमास कांहीं पट्ट्यांपुरता अपवाद आहे. २०१८ सालच्या नियमांनीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा अरुंद पट्टा अल्प शक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यावांचून मोकळा केला. शक्तीची मर्यादा अर्धा वॅट, आणि नाट्यगृहास अर्धा वॅट पुरून उरतो. परंतु पट्टा मोकळा असला म्हणजे कोणतेंही यंत्र चालेल असें नाहीं. त्या नमुन्यास दूरसंचार खात्याची मान्यता असावी लागते. पांच वॅटचें, हवा तो पट्टा लावतां येणारें जें यंत्र आम्हांस स्वस्तांत मिळत होतें, तें या दोन्ही कसोट्यांस उतरत नव्हतें. असल्या यंत्रावर एखाद्या मुलानें कुतूहलानें कळा फिरविल्या, तर तो पोलिसांच्या किंवा अग्निशामक दलाच्या बोलण्यांत अडथळा आणूं शकेल. संगणकावरून घरबसल्या अशीं यंत्रें सर्रास विकलीं जाऊं लागलीं, म्हणून २०२५ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें विक्रेत्यांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हां घेणारानें यंत्राचा पट्टा कोणता, शक्ती किती आणि मान्यतेचा क्रमांक काय, एवढे तीन प्रश्न दुकानांत विचारून उत्तर पावतीवर लिहून घ्यावें.

मोकळा पट्टा म्हणजे सर्वांचा पट्टा. त्या २०० किलोहर्ट्झमध्यें साडेबारा किलोहर्ट्झच्या सोळाच जागा होतात, आणि शेजारच्या मंगल कार्यालयांतील पहारेकऱ्यानें तीच जागा धरली असेल तर नांदीच्या वेळीं वरातीच्या गाड्यांची व्यवस्था आपल्या कानांत ऐकूं येते. यावर 'खासगी संकेत' असलेलें यंत्र घ्या, असें दुकानदार सांगतो. हें नांव फसवें आहे. या युक्तींत आपल्या बोलण्याबरोबर ६७ ते सुमारें २५४ हर्ट्झमधला एक ठराविक मंद स्वर जातो, आणि तो स्वर ओळखल्यावरच पलीकडचें यंत्र तोंड उघडतें. त्यामुळें परक्याचें बोलणें आपल्यास ऐकूं येत नाहीं, हें खरें. पण आपलें बोलणें परक्यास ऐकूं जातेंच, आणि दोघे एकाच वेळीं बोलले तर दोघांचेंही बिघडतें. तो स्वर आपल्याच कानावरचें झांकण आहे. जागा कांहीं त्यानें राखून ठेवली जात नाहीं. तरी झांकणही उपयोगी असल्यामुळें आम्हीं तें घेतलें.

येथपर्यंत यंत्राची निवड झाली. परंतु ज्या कामासाठीं आम्ही यंत्र घ्यावयास निघालों होतों, त्या कामासाठीं तें योग्य आहे का, हा प्रश्न आम्हांस उशिरा सुचला. वॉकीटॉकीवर एका वेळीं एकच माणूस बोलूं शकतो. बटण दाबून बोलणारा त्या वेळीं बहिरा असतो. आणि बटण दाबतांच बोलूं लागल्यास पहिलें अक्षर बहुधा कापलें जातें, कारण पलीकडचें यंत्र जागें होण्यास क्षणभर लागतो. दूधवाल्याच्या निरोपाला यानें बाध येत नाहीं. पण पडद्यामागें कांहीं शब्द असे असतात कीं, ते त्याच क्षणीं पोंचले पाहिजेत, आणि "थांब" हा शब्द तर दुसरा कोणी बोलत असतांनाही पोंचला पाहिजे. त्या सायंकाळीं आमच्यापैकीं दुसऱ्या एकास पडदा उतरतांना दिसला होता. त्यानें बटण दाबलें, पण त्याच वेळीं दारावरचा स्वयंसेवक पाहुण्यांच्या चहाविषयीं विचारीत होता. "थांब" कोणासच ऐकूं गेलें नाहीं. शिपाईमामांच्या हातांत यंत्र नव्हतें, डोळे मात्र वर होते.

व्यावसायिक रंगभूमीवर या कारणास्तव तारेनें जोडलेले हेडफोन वापरतात. त्यांत सर्वांचे मायक्रोफोन व कान एकाच तारेवर असतात, जणूं एकाच माजघरांत सर्व बसले आहेत. बोलत असतांनाही ऐकूं येतें व कोणासही मध्यें बोलतां येतें. अमेरिकेंत १९६८ सालीं निघालेल्या क्लिअरकॉम या कंपनीनें असे संच प्रसिद्धीस आणले. बिनतारी असूनही दोन्हीकडून एकदम बोलतां येईल असे संचही आहेत, परंतु त्यांची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेरची आहे. तारेचे साधे संच त्या मानानें परवडतात. दुसरें साधन त्याहूनही जुनें व स्वस्त : इशाऱ्याचे दिवे. इंग्लंडमधील नाट्यगृहांत तांबडा दिवा लागला म्हणजे तयार राहावें आणि हिरवा लागला म्हणजे काम करावें, अशी रीत आहे. दिव्यास उच्चार नसतो, त्यामुळें तो चुकीचा ऐकूं येत नाहीं. आमच्या दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनीं बारा व्होल्टच्या विजेवर चालणारे असे दिवे आमच्या देखरेखीखालीं बनविले आहेत. घरगुती विजेची तार विंगेंत मोकळी सोडण्याचा मोह कोणीही करूं नये.

म्हणून शेवटीं आम्हीं काम वांटून दिलें. दोरांपाशीं व प्रकाशाच्या खोलींत तारेचे हेडफोन व दिवे. या दोन जागीं वॉकीटॉकी मुळींच नाहीं. ज्यांना हिंडावें लागतें त्यांच्याकडे वॉकीटॉकी : रंगपट, सामानाची खोली, दोन्ही विंगांतील शिक्षक, प्रवेशद्वार आणि नाटक चालविणारा. एकंदर सहा यंत्रें. पहिल्या यादींत आम्हीं चौदा लिहिलीं होतीं.

शब्दांचा प्रश्न आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटला, कारण त्याचें उत्तर कोणत्याही दुकानांत मिळत नव्हतें. अशीं यंत्रें आवाजाचा सुमारें ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच भाग नेतात. त्याच्या वरचें व खालचें गळून जातें. स्वर बरे ऐकूं येतात, व्यंजनें पुसट होतात. 'काढ' आणि 'पाड' यांत स्वर एकच, शेवट जवळजवळ एक, आणि भेद काय तो पहिल्या व्यंजनांत. नेमकें तेंच व्यंजन बटणाच्या घाईंत कापलें जातें. आतां आम्ही पडदा "उचल" म्हणतों किंवा "खालीं" म्हणतों. आंकड्यांचीही हीच गत आहे. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट यांचा शेवट एक. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांचा आरंभ एक. म्हणून आंकडे सुटे बोलावयाचे : "सहा-तीन", "दोन-नऊ". सात आणि आठ यांचा घोळ तालमींत तीन वेळां झाला, तेव्हां पडद्यांना सात हा क्रमांक दिलाच नाहीं. आमचा सहावा पडदा झाला कीं एकदम आठवा येतो. पाहुण्यांना यांत गंमत वाटेल, पण दोरावरच्या मुलास ती सवय झाली आहे.

हुकुमाचा शब्द कोणता असावा यावर बरीच चर्चा झाली. 'चालू' हा शब्द सुचविला गेला, परंतु "चालू आहे का?" असें कोणीही सहज विचारतो व तेवढ्यावर दिवे जातात. शेवटीं नाटकवाल्यांच्या बोलण्यांतलाच 'घे' हा शब्द ठरला. आपल्या भाषेंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, ही येथें मोठी सोय आहे. "पडदा चार, तयार," असें म्हटल्यावर पलीकडून "चार तयार" असें उत्तर यावयाचें, मग "चार… घे." वस्तु आधीं कळते, हात सज्ज होतो आणि हुकूम शेवटच्या अक्षरावर पडतो. नाटक चालूं असतां हा शब्द दुसऱ्या कोणत्याही अर्थानें उच्चारावयाचा नाहीं. चहा "आण" म्हणावें, "घे" म्हणूं नये. हुकूम एकच माणूस देतो. "थांब" मात्र कोणीही म्हणावें, पहिलीच्या मुलानेंही, आणि तो शब्द ऐकतांच हातांतलें काम सोडावें. मागाहून तो व्यर्थ ठरला तरी त्याबद्दल कोणीं रागवावयाचें नाहीं, असें आम्हीं फळ्यावर लिहून ठेवलें आहे.

यंत्रांतील कांहीं सोयी बंद कराव्या लागल्या. आवाज होतांच आपोआप बोलणें सुरू करणारी एक कळ असते. ती चालूं राहिली तर टाळ्यांचा कडकडाट किंवा नायकाचें भाषण तिला बोलणें वाटतें, आणि सर्वांची वाट अडते. बोलणें संपल्याची टिंगटिंग, कळांचा आवाज, पडद्याचा निळा उजेड हेंही बंद. उलट, बटण चुकून दाबलें गेल्यास ठराविक वेळानें बोलणें तोडणारी सोय असेल तर ती अवश्य चालूं ठेवावी. खुर्चीवर टेकलेल्या माणसाच्या कमरेचें यंत्र पूर्ण अंकभर घोरत राहिल्याची उदाहरणें आम्हीं पाहिलीं आहेत. कानांत घालावयाचें बोंडूक एकाच कानांत असावें, दुसऱ्या कानानें नाटक ऐकावें. शक्ति जास्त असल्यास दुखणें वाढतें असें वर म्हटलें, तें ध्वनिक्षेपकांमुळें. बिनतारी मायक्रोफोनच्या ग्राहकापाशीं किंवा ध्वनीच्या तारांपाशीं उभें राहून कोणी बटण दाबलें, तर गायिकेचा आवाज तुटतो किंवा भोंग्यांतून गुरगुर निघते. त्या टेबलापासून दूर जाऊनच बोलावें, आणि तालमीच्या दिवशीं सर्व मायक्रोफोन चालूं ठेवून हें तपासावें.

बॅटऱ्यांविषयीं थोडेंच सांगावयाचें. सहाही यंत्रें एकाच नमुन्याचीं घेतलीं, म्हणजे एकीची बॅटरी दुसरीस चालते. दोन बॅटऱ्या जादा ठेवल्या. आणि आदल्या रात्रीं त्या भरण्याचें काम एकाच विद्यार्थ्याकडे सोंपविलें, कारण सर्वांकडे सोंपविलेलें काम कोणीच करीत नाहीं. यंत्रें वांटतांना वहींत सही घेतों व परत येतांना मोजतों.

यंदाच्या रंगीत तालमींत नाटकाच्या आधीं अर्धा तास केवळ या बोलण्याचीच तालीम झाली, आणि मुलांना ती नाटकाहून अधिक आवडली असावी. दोरांपाशीं गेल्या वर्षींचाच मुलगा आहे; त्यानें ती जागा स्वतः मागून घेतली. शिपाईमामांसाठीं आम्हीं सातवें यंत्र घ्यावें म्हणत होतों, पण त्यांनीं तें नाकारलें. कानांत कांहीं घातलें कीं वर लक्ष राहत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि आम्हीं तें मान्य केलें. प्रवेशद्वारावरच्या यंत्राचें मुख्य काम अर्थातच निराळें आहे : प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकांत शिरली कीं नाहीं, आणि तिसरी घंटा आणखी किती वेळ रोखून धरावयाची, हें तेथूनच कळतें.